पायावरचा व्रण आधी भरू द्यावा की शिरेवरचा उपचार आधी करावा? एव्हरा चाचणीचे आकडे कसे वाचावेत?

फळा_आणि_खडू

नमस्कार. माझे वडील सहासष्ट वर्षांचे आहेत. चाळीस वर्षे त्यांनी लग्नकार्यांत आचारी म्हणून काम केले, म्हणजे पहाटे चार वाजता चुली पेटल्यापासून शेवटची पंगत उठेपर्यंत ते उभेच असत. त्यांच्या डाव्या पायावरच्या शिरा मला आठवते तेव्हापासून दोरखंडासारख्या फुगलेल्या आहेत आणि त्यांना आजार म्हणावे असे आमच्या घरात कधी कोणाला वाटले नाही. गेल्या वर्षी आतल्या घोट्याच्या वरची कातडी काळसर आणि कडक झाली, तिला खाज सुटू लागली, आणि खाजवून झालेली एक लहानशी जखम साडेसात महिने उलटले तरी भरलेली नाही. आमच्या तालुक्याच्या गावी एक दिवसाआड ड्रेसिंग होते आणि वरून क्रेप बँडेज गुंडाळले जाते.

सांगलीत डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घेतला. त्यात जांघेपासून घोट्यापर्यंत जाणाऱ्या ग्रेट सॅफिनस शिरेत रिफ्लक्स (रक्ताचा उलटा प्रवाह) आहे आणि खोलवरच्या शिरा मोकळ्या आहेत असे लिहिले आहे. एका डॉक्टरांचे मत असे पडले की उघड्या जखमेवर शिरेचा उपचार करू नये, जखम आधी भरू द्यावी, मग लेसरचे पाहता येईल. दुसऱ्या डॉक्टरांनी नेमके उलट सांगितले की शिरेचा उपचार पंधरा दिवसांच्या आत करून टाका, नाहीतर जखम भरणार नाही. दोघेही अनुभवी आहेत, दोघांनीही घाईगडबडीत सांगितले नाही, आणि म्हणूनच आम्ही अधिक गोंधळलो आहोत.

दुसऱ्या डॉक्टरांनी एव्हरा नावाच्या ब्रिटिश चाचणीचा उल्लेख केला होता. मी तिचा सारांश मिळवून वाचला, परंतु मी शाळेत भूगोल शिकवते, वैद्यकीय संशोधन वाचण्याची मला सवय नाही. लवकर उपचार केलेल्या गटात जखम भरायला ५६ दिवस लागले आणि उशिरा उपचार केलेल्या गटात ८२ दिवस, एवढे समजले. आता माझे तीन प्रश्न आहेत. हा २६ दिवसांचा फरक माझ्या वडिलांनाही मिळेल असे मानता येते का? शिर आतून बंद करण्यासाठी लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी (दोन्ही उष्णतेने), फोम (फेसाळ औषध टोचून) आणि ग्लू (शिर चिकटवणारा द्रव) यांपैकी काय निवडावे, कारण माझा भाऊ भूल नको म्हणून ग्लूचा आग्रह धरून बसला आहे? आणि या चाचण्यांमागे यंत्रे विकणाऱ्या कंपन्या असतात असे ऐकते, ते कितपत खरे आहे?

शिराशल्य

ताई, मी रक्तवाहिन्यांवर शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. वडिलांना मी तपासलेले नाही, त्यामुळे पुढचे सारे तुम्ही त्यांच्या डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावे एवढ्याच हेतूने लिहितो.

माणूस स्थिर उभा असतो तेव्हा घोट्यापाशी शिरांमधला दाब पाऱ्याच्या सुमारे ८० ते ९० मिलिमीटरइतका असतो. चालू लागले की पोटरीचे स्नायू शिरा पिळतात, रक्त वर ढकलले जाते, झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत, आणि निरोगी पायात हाच दाब ३० मिलिमीटरच्या खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या की वर ढकललेले रक्त पुन्हा खाली कोसळते आणि चालूनही दाब उतरत नाही. डॉप्लरवर अशा वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ उलटा प्रवाह दिसला तर त्याला रिफ्लक्स म्हणतात. वर्षानुवर्षे चढलेला हा दाब आधी कातडी काळवंडवतो, मग कडक करतो आणि अखेरीस फोडतो. वडिलांच्या पायाचे तुम्ही केलेले वर्णन याच क्रमाने जाते. म्हणजे जखम वरून दिसत असली तरी तिचे कारण जांघेपासून खाली येणाऱ्या त्या शिरेत आहे.

पहिल्या डॉक्टरांचे मत चुकीच्या समजुतीतून आलेले नाही, ते एका जुन्या आणि चांगल्या चाचणीवर उभे आहे. ब्रिटनमधील एस्कार चाचणीत ५०० रुग्ण होते. एका गटाला केवळ दाबपट्ट्या दिल्या आणि दुसऱ्या गटाला दाबपट्ट्यांसह शिरेची शस्त्रक्रिया. २००४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा २४ आठवड्यांत व्रण भरण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, ६५ टक्के निघाले. फरक पडला तो व्रण पुन्हा होण्यात. वर्षभरात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १२ टक्क्यांना आणि केवळ दाबपट्ट्या घेतलेल्यांपैकी २८ टक्क्यांना व्रण परत झाला, आणि चार वर्षांनी हेच आकडे ३१ आणि ५६ टक्के होते. यावरून आमच्या पिढीने असा अर्थ काढला की शस्त्रक्रिया व्रण भरत नाही, तो परत येऊ देत नाही, मग ती व्रण भरल्यावर सवडीने केली तरी चालेल. तर्क सरळ होता आणि मीही अनेक वर्षे रुग्णांना तसेच सांगत असे.

एव्हरा चाचणीने नेमका हा तर्क तपासला. २० केंद्रांवरील ४५० रुग्ण दोन गटांत वाटले. दोन्ही गटांना दाबपट्ट्या होत्याच. एका गटाच्या शिरेवर दोन आठवड्यांच्या आत उपचार झाला, दुसऱ्या गटाचा उपचार व्रण भरेपर्यंत, आणि तो भरलाच नाही तर सहा महिन्यांपर्यंत, पुढे ढकलला. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत २४ आठवड्यांत व्रण भरण्याचे प्रमाण लवकर उपचाराच्या गटात ८५.६ विरुद्ध उशिराच्या गटात ७६.३ टक्के होते. पहिल्या वर्षात व्रणाविना गेलेले दिवस ३०६ विरुद्ध २७८ होते. पुढील पाठपुराव्यात व्रण परत होण्याचा दर शंभर रुग्णवर्षांमागे (म्हणजे शंभर रुग्णांमागे वर्षाला) ११ विरुद्ध १६ असा आढळला. एस्कारच्या काळात जांघेत छेद देऊन शिर ओढून काढावी लागे, तर एव्हरामध्ये शिरेत सुई घालून ती आतून बंद केली, आणि दोन निष्कर्षांतील अंतरामागे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

आता तुमच्या बाबतीत अडचणीचा मुद्दा सांगतो. एव्हरामध्ये सहा आठवडे ते सहा महिने एवढ्या मुदतीचेच व्रण घेतले होते. वडिलांचा व्रण साडेसात महिन्यांचा आहे, म्हणजे त्या चाचणीच्या दारातून त्यांना आत घेतलेच नसते. याचा अर्थ त्यांना उपचाराचा उपयोग होणार नाही असा मुळीच नाही. व्रण जितका जुना तितका तो भरायला अधिक वेळ घेतो हे आम्ही रोज पाहतो, म्हणून ५६ हा आकडा त्यांच्यासाठी मनात धरून दिवस मोजत बसू नका, इतकेच.

आणि या सगळ्याच्या आधी करायची एक गोष्ट. पायाच्या धमन्यांतील रक्तपुरवठा नीट आहे का हे घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून, त्यांचे गुणोत्तर काढून तपासतात. एव्हरामध्ये हे गुणोत्तर ०.८ हून कमी असलेल्यांना घेतले नव्हते. ते कमी असताना पाय घट्ट बांधला तर फायद्याऐवजी पाय धोक्यात येतो. वडिलांना मधुमेह असेल तर हे गुणोत्तर फसवे, म्हणजे खोटेच चांगले येऊ शकते, कारण कडक झालेल्या धमन्या दाबल्या जात नाहीत. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजून घ्यावा. तंबाखू किंवा बिडी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

सोडत_चिठ्ठी

मी डॉक्टर नाही. वैद्यकीय चाचण्यांचे संख्याशास्त्र हा माझा पोटापाण्याचा विषय आहे, म्हणून ताईंच्या पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाविषयी लिहितो.

५६ आणि ८२ हे मध्यक आहेत. लवकर उपचार झालेल्या गटातील निम्म्या रुग्णांचे व्रण ५६ दिवसांच्या आत भरले आणि उरलेल्या निम्म्यांचे नंतर भरले किंवा भरलेच नाहीत. दोन मध्यकांतला २६ दिवसांचा फरक प्रत्येक रुग्णाच्या वाट्याला येत नाही. शिवाय या आकड्यांभोवती अनिश्चिततेचा पट्टा असतो. येथे तो ५६ साठी ४९ ते ६६ दिवस आणि ८२ साठी ६९ ते ९२ दिवस असा आहे. हे दोन पट्टे एकमेकांना शिवत नाहीत, म्हणून फरक आहे हे मी निर्धास्तपणे म्हणेन, पण तो नेमका २६ दिवसांचाच आहे असे म्हणणार नाही. वेगाच्या भाषेत सांगायचे तर लवकर उपचारामुळे व्रण भरण्याचा वेग सुमारे ३८ टक्क्यांनी अधिक आढळला, आणि तिथेही पट्टा १३ ते ६८ टक्क्यांचा आहे.

मला या चाचणीत अधिक बोलका वाटतो तो दुसराच आकडा. उशिरा उपचाराच्या गटातही २४ आठवड्यांत ७६ टक्के व्रण भरले, तर एस्कारमध्ये हेच प्रमाण ६५ टक्के होते. दोन चाचण्यांतील रुग्ण वेगळे असल्याने हे आकडे शेजारी ठेवून फार काही सिद्ध करता येत नाही, तरीही एवढे दिसते की एव्हरामधील रुग्णांच्या पट्ट्या चांगल्या बांधल्या जात होत्या. तेव्हा क्रेप बँडेजवर असलेल्या रुग्णाने या चाचणीतील कोणत्याच गटाशी स्वतःची तुलना करू नये. तसेच, ४५० रुग्ण निवडण्यासाठी साडेसहा हजारांहून अधिक रुग्ण पाहिले गेले होते. चाळणी इतकी बारीक असली की चाचणीच्या आतला निष्कर्ष भक्कम होतो आणि बाहेरच्या माणसाला तो लावताना तितकाच विचार करावा लागतो. शिराशल्य यांनी मुदतीचा जो मुद्दा काढला तो याचेच उदाहरण आहे.

कंपन्यांविषयी. एव्हरा, तसेच लेसर, शस्त्रक्रिया आणि फोम यांची तुलना करणारी क्लास चाचणी, या दोन्हींना ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्य संशोधन निधीतून पैसा मिळाला होता. ग्लूची गोष्ट वेगळी आहे. त्याची मुख्य चाचणी अमेरिकेत १० केंद्रांवर २२२ रुग्णांवर झाली आणि तिचा खर्च उत्पादक कंपनीने केला. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. तीन महिन्यांनी ग्लूने ९९ टक्के आणि रेडिओफ्रीक्वेन्सीने ९६ टक्के शिरा बंद आढळल्या. कंपनीचा पैसा होता म्हणून आकडे खोटे ठरत नाहीत. पण प्रश्न कोणता विचारायचा हे पैसा ठरवतो. ती चाचणी ‘ग्लू अधिक चांगला आहे का’ असे विचारत नव्हती, ‘ग्लू वाईट तर नाही ना’ असे विचारत होती. शिवाय तिच्यात उघडा व्रण असलेला एकही रुग्ण नव्हता, निवडीच्या अटींतच तो बसत नव्हता. ताईंच्या बंधूंना माझ्यातर्फे एवढे अवश्य सांगा.

आणि ‘शिर बंद झाली’ म्हणजे रुग्ण बरा झाला का, हा तर या क्षेत्रातला माझा आवडता वाद आहे. डेन्मार्कमध्ये ५०० रुग्णांच्या ५८० पायांवर चार उपचारांची तुलना झाली आणि २०११ मध्ये ती प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर स्कॅनवर शिर उघडी राहिल्याचे प्रमाण फोममध्ये १६.३ टक्के, लेसरमध्ये ५.८ टक्के, आणि रेडिओफ्रीक्वेन्सी व शिर ओढून काढणे या दोन्हींत ४.८ टक्के होते. यावरून फोम सरळ नापास ठरतो. परंतु त्याच रुग्णांना त्रास किती, जगणे किती सुकर झाले असे विचारल्यावर चारही गट जवळजवळ सारखेच सुधारलेले निघाले, आणि कामावर परतण्यात रेडिओफ्रीक्वेन्सी व फोमवाले पुढे होते. ‘यशाचे प्रमाण ९८ टक्के’ असे पत्रकावर लिहिलेले दिसले की मी आधी विचारतो, यश कशाचे? स्कॅनवरच्या शिरेचे की माणसाचे? आणि किती महिन्यांनी मोजलेले?

दीर्घ मुदतीत मात्र फोमची बाजू थोडी पडते. क्लास चाचणीत ७९८ रुग्ण होते. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले तेव्हा जीवनमानाच्या शंभर गुणांच्या प्रश्नावलीवर लेसरचा गट फोमपेक्षा सुमारे २.९ गुणांनी आणि शस्त्रक्रियेचा गट २.६ गुणांनी बरा होता. त्यातले बहुतेक रुग्ण व्रण नसलेले होते, आणि पाच वर्षांनी प्रश्नावली भरून देणारे ५९५, म्हणजे तीन चतुर्थांश. उरलेले का आले नाहीत, बरे झाले म्हणून की कंटाळले म्हणून, हे आकड्यांतून कळत नाही.

विषय निघालाच आहे तर एक अवांतर. शिरांवरच्या चाचण्यांत रुग्णाला कोणता उपचार मिळाला हे लपवणे फार कठीण असते, आणि न लपवल्यास काय होते याचे उत्तम उदाहरण मोज्यांचे आहे. खोल शिरेत गुठळी झालेल्यांनी दोन वर्षे दाबमोजे घातले तर पुढचा त्रास निम्म्याने कमी होतो असे जुन्या, लहान, उघड्या चाचण्यांत दिसले होते. नंतर कॅनडातील संशोधकांच्या पुढाकाराने ८०६ रुग्णांची एक चाचणी झाली. तिच्यात निम्म्यांना खरे मोजे दिले आणि निम्म्यांना हुबेहूब तसेच दिसणारे पण जवळपास दाबच न देणारे मोजे दिले. २०१४ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा त्रासाचे प्रमाण १४.२ आणि १२.७ टक्के, म्हणजे फरक नाहीच. हा आजार वडिलांच्या आजाराहून वेगळा आहे, हे कृपया लक्षात ठेवा. व्रणावरच्या दाबपट्ट्यांचा उपयोग वेगळ्या चाचण्यांत पक्का सिद्ध झालेला आहे.

घाटरस्ता_निवृत्त

मी डॉक्टर नाही आणि संख्याशास्त्रज्ञही नाही. तीस वर्षे बसमध्ये उभा राहून तिकिटे फाडली, आणि दोन्ही पायांना व्रण होऊन गेले आहेत. ताई, तुमच्या वडिलांची ती खाज मला ओळखीची आहे.

माझा उजवा पाय पंधरा वर्षांपूर्वी जांघेत छेद देऊन, शिर ओढून काढून बरा केला. डावा पाय चार वर्षांपूर्वी लेसरने झाला. पहिल्या वेळी तीन आठवडे घरी होतो आणि मांडी जांभळी पडली होती. दुसऱ्या वेळी संध्याकाळी स्वतः चालत रिक्षापर्यंत गेलो. मात्र लेसरला भूल लागत नाही असे कोणी सांगितले तर ते पूर्ण खरे नाही. पूर्ण गुंगी देत नाहीत, पण शिरेच्या बाजूने मांडीभर बधिर करणारे पाणी सुयांनी भरतात आणि त्या सुया मोजत बसावे लागते. ग्लूला त्या सुया लागत नाहीत हे तुमच्या बंधूंचे म्हणणे बरोबर आहे.

मला सांगायचे आहे ते पट्टीविषयी. माझा पहिला व्रण अकरा महिने भरला नाही आणि त्या अकरा महिन्यांत मला ज्या दवाखान्यात पट्टी बांधत होते तेथे रोज नवा माणूस असे. कोणी पोटरीवर घट्ट आणि घोट्यावर सैल बांधी, कोणी घोट्यापासूनच सुरुवात करी आणि पाऊल मोकळे सोडी, त्यामुळे पाऊल भाकरीसारखे फुगे. दुपारपर्यंत क्रेप बँडेज घसरून घोट्याभोवती गोळा होई. नंतर एका परिचारिका बाईंनी बोटांच्या मुळापासून गुडघ्याखालपर्यंत, टाच झाकून, खाली घट्ट आणि वर जाताना सैल अशी अनेक थरांची पट्टी बांधली आणि ती आठवडाभर सोडली नाही. दोन महिन्यांत व्रण निम्मा झाला. त्या दोन महिन्यांत औषध बदलले नव्हते, मलम बदलले नव्हते.

मे महिन्यात आमच्याकडे कोकणात ती पट्टी पायावर ठेवणे म्हणजे शिक्षा असते, हेही खरे. मी दुपारी पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवून पडत असे आणि पट्टी सोडत नसे.

शिराशल्य

काकांनी फार मोलाचे सांगितले. त्याला जोडून एवढेच सांगतो की साधे क्रेप बँडेज आणि व्रणासाठीची दाबपट्टी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घोट्यापाशी सुमारे ४० मिलिमीटर दाब मिळावा आणि तो वर जाताना कमी होत जावा असा हेतू असतो, आणि क्रेप बँडेज तेवढा दाब काही तासांपलीकडे धरत नाही. चार थरांची पट्टी बांधणारे कुशल हात तालुक्याला मिळत नसतील तर दोन थरांचे मोजे हा पर्याय आहे. ब्रिटनमध्ये ४५७ रुग्णांवर या दोहोंची तुलना झाली आणि २०१४ मध्ये निष्कर्ष आले. व्रण भरण्याचा मध्यक मोज्यांच्या गटात ९९ दिवस आणि पट्टीच्या गटात ९८ दिवस, म्हणजे फरक नाही. उलट व्रण परत होण्याचे प्रमाण मोज्यांत कमी, १४ विरुद्ध २३ टक्के होते. अडचण अशी की मोजे झेपले नाहीत म्हणून उपचार बदलणाऱ्यांची संख्या मोज्यांच्या गटात अधिक होती. फार स्रवणाऱ्या जखमेवर ते बसत नाहीत आणि वाकून ते चढवायला घरात कोणीतरी लागते.

आता राहिलेला दुसरा प्रश्न. एव्हरामध्ये कोणती पद्धत वापरायची हे त्या त्या डॉक्टरांवर सोपवले होते आणि एकट्या पद्धतीचा विचार केला तर सर्वाधिक वापर फोमचा झाला. म्हणून ज्या चाचणीने ‘लवकर उपचार करा’ असे सांगितले, ती ‘लेसरच करा’ असे सांगत नाही. व्रणाच्या बुडाशी असलेल्या बारीक शिरांच्या जाळ्यापर्यंत फोम पोहोचतो, तिथे लेसरचा तंतू जात नाही. मुख्य शिर सरळ आणि जाड असेल तर उष्णतेने बंद केलेली अधिक काळ बंद राहते. ब्रिटनमध्ये २०१३ पासून रुग्णांसाठी जी राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे आहेत त्यांतही आधी लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी, ते शक्य नसल्यास फोम, तेही शक्य नसल्यास शस्त्रक्रिया असा क्रम आहे. व्रण असलेल्या पायात मी पुष्कळदा दोन्ही एकत्र वापरतो, वर उष्णता आणि खाली फोम. ग्लू शिरेत कायमचा राहतो आणि काहींना त्याची ॲलर्जी होऊन शिरेच्या बाजूने कातडी लाल होते, सुजते. उघडी, जंतू असलेली जखम शेजारी असताना शिरेत परकी वस्तू ठेवायला माझे मन घेत नाही. हे माझे मत आहे, त्याला चाचणीचा आधार आहे असे मी म्हणणार नाही.

धोकेही सांगायला हवेत. एव्हरामध्ये शिर बंद करण्याच्या उपचारानंतर सर्वाधिक आढळलेल्या दोन तक्रारी म्हणजे वेदना आणि खोल शिरेत गुठळी. त्यामुळे उपचारानंतर वडिलांनी अंथरुणाला खिळून राहू नये, त्याच दिवशी चालावे, आणि पोटरी अचानक सुजली किंवा धाप लागली तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे. दहा वर्षांपासूनची जखम किंवा कडा उचललेली, सहज रक्त येणारी जखम असती तर मी आधी तिचा तुकडा काढून कर्करोग नाही ना हे तपासले असते. तुमच्या वर्णनात तसे काही नाही, तरी कडांकडे डॉक्टरांचे लक्ष वेधा.

फळा_आणि_खडू

सर्वांचे मनापासून आभार. शिराशल्य यांनी सांगितल्याप्रमाणे काल दोन्ही दाबांचे गुणोत्तर मोजून घेतले, ते ०.९६ आले. मधुमेह नाही. तंबाखू आहे, ती वडिलांनी आजवर डॉक्टरांपासून लपवली होती आणि काल माझ्यासमोर त्यांना कबूल करावी लागली.

पहिल्या डॉक्टरांकडे पुन्हा गेले आणि भांडायला आले आहे असे वाटू नये म्हणून एस्कारच्या आकड्यांपासूनच सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले की व्रण स्वच्छ दिसत असेल तर लवकर उपचाराला त्यांची हरकत नाही. त्यांची खरी भीती अशी होती की उपचार झाला म्हणजे जखमेचे काम संपले असे समजून रुग्ण पट्टी सोडून देतात आणि पुन्हा दिसत नाहीत. मला हे आधी कोणी सांगितले असते तर दोन डॉक्टरांत विरोध आहे असे मी समजलेच नसते.

एक शेवटची शंका आहे. उपचाराची तारीख अठरा दिवसांनंतरची मिळाली आहे, आणि चाचणीत दोन आठवडे म्हटले होते. हे चार दिवस महत्त्वाचे आहेत का? आणि तोवर ड्रेसिंगखाली महागडे चांदीयुक्त मलम सुरू करावे असे एकाने सुचवले आहे, ते करावे का?

सोडत_चिठ्ठी

दोन आठवडे ही चाचणीच्या आखणीसाठी ठरवलेली मुदत होती, निसर्गाने घातलेली नव्हे. तुलना ‘आता’ आणि ‘काही महिन्यांनी’ यांच्यात झाली. चौदावा दिवस आणि अठरावा दिवस यांत फरक आहे की नाही हे ती चाचणी सांगतच नाही, आणि तसा काही फरक असावा असे मानायला मला कारण दिसत नाही.

शिराशल्य

चार दिवसांची काळजी करू नका. मलमाचे पैसे मात्र पट्टीवर खर्च करा. जखमेत जंतुसंसर्गाची चिन्हे नसतील तर चांदीयुक्त ड्रेसिंगने शिरेचा व्रण लवकर भरतो असे ठामपणे म्हणावे इतका पुरावा नाही. या व्रणांवर पुष्कळ अभिनव गोष्टी करून पाहिल्या गेल्या आहेत. ब्रिटनमध्ये २६७ रुग्णांच्या व्रणांवर निर्जंतुक अळ्या सोडून पाहिल्या, त्यांनी मेलेला थर झपाट्याने खाल्ला, परंतु व्रण लवकर भरला नाही आणि दुखणे वाढले, असे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही हकिकत वडिलांना जेवणाच्या वेळी सांगू नये.

या अठरा दिवसांत एवढे करा. तंबाखू आजच बंद. गुणोत्तर चांगले आले आहे, तेव्हा डॉक्टरांच्या देखरेखीखाली पक्की दाबपट्टी आजपासून सुरू, आणि ती कशी बांधतात हे तुम्ही किंवा बंधूंनी शेजारी उभे राहून शिकून घ्या. वडील एका जागी उभे राहणार नाहीत, चालतील किंवा पाय उंच करून पडतील. दर आठवड्याला व्रणावर स्वच्छ पारदर्शक कागद ठेवून पेनने त्याची कड उमटवून घ्या आणि त्यावर तारीख घाला. जखमेला टेकलेली बाजू लगेच टाकून देता यावी म्हणून कागद दुहेरी घ्या. चाचण्यांतही व्रण मोजण्यासाठी ही पद्धत वापरतात, आणि तुम्ही नकाशे शिकवता, तेव्हा तुम्हाला ते आमच्या निवासी डॉक्टरांपेक्षा बरे जमेल.

घाटरस्ता_निवृत्त

आणि ताई, पट्टी बांधायची ती सकाळी, अंथरुणातून पाय खाली टेकवण्याआधी. एकदा उभे राहिले की पाय भरतो आणि मग कितीही घट्ट बांधली तरी ती संध्याकाळी सैल होते. वडील पहाटे चारला उठायच्या सवयीचे असतील, तर तुम्हालाही चारलाच उठावे लागेल.